शाळा काही महिने ऑनलाइन न्यायची वेळ आली, तर सुरुवात कुठून करावी?

धाराशिव जिल्ह्यातल्या एका मुख्याध्यापिकाबाईंचा प्रश्न आहे. त्यांची जिल्हा परिषदेची पहिली ते आठवीची शाळा. पावसात निम्म्या खोल्यांच्या भिंती भिजून धोकादायक झाल्या, त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत काही वर्ग ऑनलाइन घ्यायचं ठरलं आहे. पालक म्हणतात, "करोनात लेकरं काय शिकली ते आम्ही बघितलंय." शिक्षक धास्तावले आहेत. मुलं, पालक आणि शिक्षक, तिघांनाही या बदलात कसं सांभाळायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

बाई, मी आधी शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे दहा-बारा शाळांच्या गटाचा प्रमुख, म्हणून मराठवाड्यातल्या शाळांमध्ये काम केलं. करोनाची दोन वर्षं केंद्रातल्या शाळांसोबतच काढली. तेव्हापासून एका गोष्टीवर माझं मत पक्कं झालं आहे: ज्या घरात साधन सगळ्यांत कमी, त्या घराच्या मापाने वर्ग बेतायचा. चांगला फोन, वायफाय आणि शिकलेले आईबाप असलेलं लेकरू कशाही पद्धतीने तरून जातं. त्याच्या मापाने वेळापत्रक आखलं, की उरलेली लेकरं पहिल्या आठवड्यातच गळायला लागतात. पुढे लिहितो ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

पहिला निर्णय वर्गांचा. ज्या खोल्या धड आहेत त्या पहिली, दुसरी आणि तिसरीला द्या. बहुतेक शाळांत याच्या उलट होतं. सातवी-आठवीचा अभ्यास महत्त्वाचा म्हणून मोठी मुलं शाळेत आणि लहानगी घरी. पण सहा वर्षांच्या लेकराला अक्षर गिरवताना बोट धरून शिकवावं लागतं. पेन्सिल कशी धरली आहे, ओठ कसे हलताहेत, हे जवळून पाहावं लागतं. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली लेकरं बऱ्याच गावांत डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे दुसरीच्या मध्यावर, पहिल्यांदा वर्गात बसली. त्या तुकडीचं वाचन किती मागे राहिलं होतं, हे तुमच्याही शिक्षकांना आठवत असेल. मोठ्या मुलांना वाचता येतं, पुस्तक उघडून थोडंफार आपलं आपण करता येतं. म्हणून ऑनलाइनचा भार त्यांनी उचलावा. तोही रोज नको. एक दिवस पाचवी-सहावी, एक दिवस सातवी-आठवी, अशी पाळी लावून आठवड्यातून दोनदा तरी त्यांना शाळेत बोलवा. समाजमंदिर, मारुतीच्या देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीची खोली, जे मिळेल ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मागून घ्या. गाव देतं. मागायला मात्र गेलं पाहिजे.

दुसरं काम घरपाहणीचं, आणि ते वर्ग सुरू होण्याआधी. ही माहिती गूगल फॉर्मवर मागवू नका. ज्याच्याकडे फोन नाही तो फॉर्म भरणार कसा? तुमच्या तक्त्यात नेमकी तीच घरं राहून जातील. शिक्षकांनी वस्त्या वाटून घ्याव्यात आणि प्रत्येक घरी जाऊन यावं. "स्मार्टफोन आहे का?" एवढंच विचारलं तर "आहे" असं उत्तर मिळतं आणि ते फसवं असतं. फोन कुणाचा, सकाळी तो किती वाजता घराबाहेर जातो आणि संध्याकाळी किती वाजता येतो, रिचार्ज महिन्याच्या कुठल्या तारखेला संपतो, रेंज घरात येते की गच्चीवर जावं लागतं, त्याच फोनवर किती भावंडं शिकणार, हे विचारा. घरात कुणाला वाचता येतं आणि घरात बोलतात कुठली भाषा, हेही विचारा. बंजारा तांड्यावरची लेकरं घरी गोरमाटी बोलतात, उमरग्याकडे कन्नड कानावर पडतं, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू. शाळेत शिक्षक समोर असताना चेहऱ्यावरून उमगायचं. फोनवरच्या सपाट आवाजात अशा लेकराचा धागा लवकर तुटतो.

या पाहणीतून घरांचे तीन गट आपोआप पडतील. काही घरी फोन दिवसभर असतो. बऱ्याच घरी तो वडिलांच्या खिशात असतो. सकाळी सातला शेतात, मोंढ्यात किंवा ट्रॅक्टरवर जातो आणि दिवेलागणीला परत येतो. काही घरी साधा फोन असतो किंवा तोही नसतो. मराठवाड्यातल्या खेड्यात मधला गटच सर्वांत मोठा निघतो, असा माझा अनुभव आहे. म्हणूनच सकाळी अकराचा ऑनलाइन तास ही कल्पनाच तिथे निरुपयोगी ठरते. सोयाबीनची काढणी किंवा कापसाची वेचणी चालू असेल, तर अकरा वाजता घरी फोन नसतो, आई नसते, कधीकधी लेकरूही नसतं.

वेळ त्या घराला विचारून ठरवा. संध्याकाळी सात ते आठ किंवा सकाळी साडेसहा ते सात या वेळा बऱ्याच ठिकाणी जमतात. थेट वर्ग कमी आणि छोटा ठेवा. २०२० मध्ये केंद्र सरकारने 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यात पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं, आणि नववी ते बारावीसाठी तशीच जास्तीत जास्त चार सत्रं सांगितली होती. तुमच्या शाळेसाठी मी त्याहूनही कमी सांगेन: पाचवीपासून पुढच्यांना दिवसाआड एकच थेट तास, ३० मिनिटांचा. व्हिडिओसह थेट वर्गाला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. रोजचं पॅक दीड जीबीचं, फोन एक आणि भावंडं दोन. संध्याकाळपर्यंत पॅक संपतं आणि धाकट्याचा वर्ग बुडतो. बहुतेक घरांत ते धाकटं मुलगी असेल तर आधी तिचाच वर्ग बुडतो, हेही लिहून ठेवतो. मुलांचे कॅमेरे बंद ठेवायला सांगा. आठवड्यातून एकदा दोन मिनिटं सगळ्यांनी चेहरे दाखवावेत, तेवढं पुरे. आणि विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की गाव चार-चार दिवस अंधारात असतं. अशा आठवड्यात गैरहजेरी लावायची नाही, हे आधीच जाहीर करून टाका.

मग शिकवायचं कशाने? माझा सगळ्यात जास्त भरवसा व्हॉट्सॲपवरच्या आवाजाच्या संदेशावर आहे. चार मिनिटांचा आवाज एक एमबीच्या आतबाहेर जातो, अडखळत्या रेंजमध्येही उतरतो, आणि वडील रात्री आठला आले तरी ऐकता येतो. पुस्तक लेकराच्या हातात असतंच, बालभारतीचं. त्यामुळे शिक्षकाने बोलायचं ते पुस्तकाला धरून. "पान २७ उघड. वरच्या चित्रात विहीर दिसते का? तिच्यावर बोट ठेव. आता खालच्या दोन ओळी मोठ्याने वाच, मी थांबतो." आणि खरंच थांबायचं, पंधरा सेकंद. मग एक काम द्यायचं, घरातल्याच वस्तूंचं. पाचवीला अपूर्णांक शिकवताना भाकरीचे तुकडे आणि दुधाचं माप घ्या, सहावीच्या गुणोत्तराला फवारणीच्या पंपात पाण्याला औषध किती ते विचारा, औषधाला हात न लावता. लेकराने उत्तर आवाजातच पाठवायचं. एक मिनिट वाचून दाखव, किंवा गणित कसं सोडवलंस ते सांग. वहीच्या पानाच्या फोटोपेक्षा या एका मिनिटात शिक्षकाला किती तरी जास्त कळतं, कारण फोटोतलं अक्षर दादाचंही असू शकतं. लेकराच्या नावाने परत दोन वाक्यं पाठवायची: "आकाश, तू आज जोडाक्षरं न अडखळता वाचलीस. 'ज्ञ' परत एकदा म्हणून पाठव." आपलं नाव सरांच्या तोंडून ऐकलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी फोनची वाट बघतं. वर्गात तीस मुलं असतील तर रोज सर्वांना उत्तर देणं शक्य नाही. रोज सहा-सात जणांना द्या, आठवड्यात प्रत्येकाचा नंबर लागेल.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपवर उघडतात, आणि त्यातलं साहित्य डाउनलोड करून ठेवता येतं, इंटरनेटशिवाय एका फोनवरून दुसऱ्यावरही देता येतं. ज्या घरी डेटा नाही त्यांना शाळेतल्या पाळीच्या दिवशी फोनमध्ये भरून द्या. २०२० च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीची मालिका दाखवली गेली होती, आणि ज्या घरी फोन नव्हता पण टीव्ही होता तिथे तिचा उपयोग झाला. त्यावरून एवढंच घ्यायचं, की साधन एकच असावं असा हट्ट नको. साध्या फोनच्या घरी शिक्षकाने आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं सरळ फोन करावा. फोनच नसेल तर कागद: सोमवारी आठवड्याचा कामाचा कागद द्यायचा, शनिवारी परत घ्यायचा. कागद पोचवणारं कुणी तरी असतंच, दूधवाला, अंगणवाडीताई, शेजारची आठवीतली मुलगी. दृष्टी किंवा श्रवणाची अडचण असलेली मुलं असतील तर तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना पहिल्या आठवड्यातच गाठा.

आता पालक. करोनात मी आयाबायांकडून सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य असं: "सर, मला लिहिता-वाचता येत नाही, मी काय शिकवू लेकराला?" हे म्हणताना त्यांची मान खाली असायची. शाळेने नकळत त्यांच्यावर शिक्षकाचं काम टाकलं होतं. त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा: शिकवायचं काम आमचं. तुमच्याकडून तीनच गोष्टी हव्या आहेत. लेकराला बसायला एक ठरलेली जागा, अर्धा तास त्या जागी दुसरं काम न सांगणं, आणि रात्री भाकरी टाकताना एकच प्रश्न: "आज सरांनी काय सांगितलं, मला सांग बरं." आईला माहीत नसलेली गोष्ट तिला समजावून सांगताना लेकराचा अभ्यास पक्का होतो. निरक्षर आई हे काम उत्तम करते, कारण तिला खरंच ते माहीत नसतं आणि ती मनापासून ऐकते.

पालकसभा दुपारी शाळेत ठेवली तर रोजंदारीवरची माणसं येणार नाहीत, आणि न येणाऱ्यांनाच तुमची सर्वांत जास्त गरज आहे. रात्री आठला वस्तीवर जा, तांड्यावर जा. बापाच्या रागाला उत्तर द्या. "दिवसभर मोबाईल द्या म्हणता अन् मंग मोबाईलचं याड लागलं म्हणून आम्हालाच बोलता," असं एक वडील मला म्हणाले होते, आणि त्यांचं खरंच होतं. म्हणून अभ्यासाचा फोन रोज किती मिनिटं लागेल ते कागदावर लिहून घरी द्या. पाचवी-सहावीला ४० मिनिटं लिहिलं असेल, तर ४० मिनिटांनंतर फोन काढून घ्यायचा हक्क आईबापाला आहे, आणि शाळा त्यांच्या बाजूने उभी आहे. गेम, रील, अनोळखी लिंक यांवर व्याख्यान देण्यापेक्षा पालकांच्या फोनवर तिथेच दोन गोष्टी करून दाखवा: पैशांच्या ॲपला वेगळं कुलूप घालणं आणि यूट्यूबवर मुलांसाठीची मर्यादा लावणं. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा, हा आकडा त्यांच्या फोनमध्ये साठवूनच उठा.

वर्गाच्या गटावर काय लिहायचं, याचे नियम शिक्षकांना घालून द्या. "खालील मुलांनी अभ्यास पाठवला नाही" अशी यादी गटावर कधीच टाकायची नाही. ती यादी सगळं गाव वाचतं, आणि बाप घरी येऊन लेकराला मारतो. जे सांगायचं ते त्या घरी एकट्याला फोन करून. दुसरं, गटात सर्वांना सर्वांचे नंबर दिसतात. मुलींच्या आईचे नंबर असे उघडे पडले की नको ते संदेश येतात, आणि मग घरचे मुलीचं शिक्षणच बंद करतात. शक्य तिथे ब्रॉडकास्ट यादी वापरा, तिच्यात संदेश प्रत्येकाला वेगळा जातो आणि इतरांचे नंबर दिसत नाहीत. त्यासाठी पालकांनी शिक्षकाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला असावा लागतो, ते घरपाहणीच्या वेळीच करून घ्या.

मुलींबद्दल इथे थोडं थांबून सांगतो. मुलगी घरी राहिली की पाणी, धुणं, धाकटं भावंड, सगळं तिच्याकडे येतं. वर्ग चालू असताना तिला उठवलं जातं, मुलाला नाही. आणि आपल्या भागात, बीड, जालना, परभणीकडे विशेषतः, याहून गंभीर गोष्ट घडते. शाळा बंद असते तेव्हा सातवी-आठवीच्या मुलीचं लग्न गुपचूप उरकलं जातं. शाळा चालू असताना तिची रिकामी जागा बाईंच्या डोळ्यात भरते, ऑनलाइनमध्ये ती नुसती न दिसणारी एक टिकली होते. म्हणून नियम करा: कोणतीही मुलगी सलग तीन दिवस आवाज पाठवत नसेल, तर चौथ्या दिवशी कुणीतरी घरी जायचं. फोनवर "ती मामाकडे गेलीय" हे उत्तर पुरेसं मानायचं नाही. तिच्याशी स्वतः बोलायचं. शंका आली तर १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करतात. त्या दोघांशी तुमचं आधीच बोलणं झालेलं असू द्या.

तुमच्या भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील तर हाही प्रश्न येणारच. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी येते आणि लेकरं आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. "आता वर्ग ऑनलाइनच आहे, तिकडून शिकेल" असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. कोपीत, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीत, लाईट नसते, फोन चार्ज करायला ट्रॅक्टर किंवा टपरी शोधावी लागते, आणि आई पहाटे फडात गेली की मोठं लेकरू धाकट्याला सांभाळतं. अशा लेकराला शक्यतो गावातच ठेवायचं, आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात, आणि त्यासाठी प्रस्ताव दिवाळीआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. जावंच लागलं तर तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा आणि तिथल्या जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा. आवाजाचे संदेश चालू ठेवा, पण ते आपल्या शाळेशी नातं टिकवण्यासाठी. ते त्याचं शिक्षण आहे असं हजेरीत दाखवू नका.

शिक्षकांबद्दल तुम्ही विचारलंत याचं मला समाधान वाटलं, कारण हे सहसा कुणी विचारत नाही. ऑनलाइनच्या काळात शिक्षकाला सर्वांत जास्त थकवतात त्या लिंका. किती मुलं जोडली, किती मिनिटं, फोटो टाका, अहवाल भरा. रात्री दहाला पालकाचा संदेश, सकाळी सहाला वरिष्ठांचा. बाई असेल तर मध्ये स्वयंपाक आणि स्वतःच्या मुलांचा वर्ग. मुख्याध्यापिका म्हणून दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. एक, सगळी माहिती एकाच वहीत, आठवड्यातून एकदा घ्या, आणि वर पाठवायचं काम तुम्ही किंवा एकच व्यक्ती करा. दुसरं, शिक्षकाची वेळ ठरवून पालकांना कळवा. सात ते आठ वर्ग, साडेआठनंतर फोन बंद. पालक ऐकतात. मी हे केलेल्या शाळांत एकाही घराने तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

प्रत्येकाने प्रत्येक पाठ स्वतः तयार करायचा नाही. केंद्रात दहा-बारा शाळा असतात. चौथीचं गणित एकाने करावं, सहावीचं इंग्रजी दुसरीने, आणि महिन्याच्या शिक्षण परिषदेत ते ऐकून सुधारावं. पन्नाशीच्या पुढच्या शिक्षकांना तंत्राची भीती वाटते, पण त्यांच्याकडे गोष्ट सांगायचा आवाज असतो. त्यांच्याकडून आवाज भरून घ्या, फाइल पाठवायचं काम तरुण सहकाऱ्याने करावं. अशा जोड्या लावल्या की दोघंही शिकतात. झूमच्या मोफत खात्यावर गटाचा वर्ग ४० मिनिटांनी आपोआप बंद पडतो, अशा बारीकसारीक गोष्टी आधी शिक्षकांनीच आपसात एक तालमीचा वर्ग घेऊन पाहून घ्याव्यात. आणि डेटाचा खर्च शिक्षक खिशातून करतात, तो शाळेच्या अनुदानातून कुठल्या शीर्षाखाली देता येईल ते व्यवस्थापन समितीच्या ठरावात घ्या. कुणी शिक्षक किंवा मोठं मूल फारच खचलेलं वाटलं तर १४४१६ हा टेली मानसचा मोफत क्रमांक आहे.

या काळात परीक्षा घेऊ नका. लेखी चाचणी घरी नेली की ती घरातलं मोठं माणूस सोडवतं. शाळेतल्या पाळीच्या दिवशी प्रत्येक मुलाला पाच मिनिटं जवळ बसवून एक उतारा वाचायला लावा आणि एक गणित बोलत सोडवायला सांगा. ती नोंद तारखेसह ठेवा. दुरुस्ती होऊन सगळे परत येतील तेव्हा हीच नोंद कामी येईल. २०२१ च्या जुलैत राज्याने मागे राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम दिला होता, तसाच छोटा सेतू तुम्हाला तुमच्या नोंदींवरून बेतता येईल, इयत्तेवर न जाता लेकरू जिथे आहे तिथून.

पहिल्या दोन आठवड्यांत सगळं जुळणार नाही. ज्या घरांशी संपर्कच होत नाही त्यांची यादी रोज संध्याकाळी पाहा, आणि दुसऱ्या दिवशीचं पहिलं काम तीच घरं. घरपाहणीचा तक्ता भरून झाला की मला पाठवा, मुलांची नावं काढून टाका आणि वस्ती, इयत्ता, फोनची वेळ एवढंच राहू द्या. पाचवी ते आठवीचं पहिल्या पंधरवड्याचं वेळापत्रक आपण दोघं मिळून त्यावरून मांडू.